पहिल्या रांगेतली जागा

तिने डब्याची पिशवी पहिल्या सीटखाली सरकवली आणि ती खिडकीशी बसली, तेव्हा ड्रायव्हरच्या जागेवरून तिच्या नवऱ्याने विचारले, "कोण बसलं तिथे?"

"मी. दुसरं कोण बसणार?"

"मागे बस की. पुढे ऊन येतं."

"येऊ दे. इथून सगळं दिसतं."

 त्याने किल्ली फिरवली आणि आरसा उगाचच थोडा हलवून परत होता तिथे आणला.

तिने येऊ नये यासाठी तो कालपासून निमित्ते शोधत होता. एका कुटुंबाने ऐनवेळी सहल रद्द केली होती, चार जागा रिकाम्या जाणार होत्या. "वहिनी, यायचं तर तुम्हीही या," असा सहलीच्या ऑफिसातून फोन आला आणि तो नेमका तिनेच उचलला. "काय आहे तिथे बघायला? दगड, पाणी आणि खेळणी," तो म्हणाला होता. मग म्हणाला, "वळणं फार आहेत. तुला गाडी लागेल."

"मला आजवर कधी गाडी लागली?"

 सकाळी पडके नगर, दुपारी धबधबा, मग खेळणी करणाऱ्यांचे गाव आणि संध्याकाळी घाट उतरून परत. एवढी एकच सहल तो वर्षानुवर्षे चालवत होता. तिने यातले काहीच पाहिले नव्हते. पाहिले नव्हते म्हणजे डोळ्यांनी. जेवताना त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते की वाट विचारली असती तर तिने सांगितली असती. धबधब्याचे सांगताना तो हातातला घास ताटात ठेवून द्यायचा. या हंगामाअखेर तो निवृत्त होणार होता. आता नाही तर कधी, असे तिला वाटले, आणि डबा भरून ती निघाली.

गाडीत सगळे त्याला उस्ताद म्हणत. गाईडला पोपट म्हणत, आणि ते नाव का ठेवले हे विचारायची गरज पडत नसे. गाडी सुटली तसा पोपट माइक घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी उभा राहिला, तोही प्रवाशांकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून.

"अहो, आमच्याकडे बघून बोला की," मागून एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले.

"पाठीला डोळे नाहीत साहेब. मी जे दिसतं तेच सांगतो," पोपट म्हणाला आणि सुरू झाला. "आता डावीकडे वळण. वळणावर एक झाड, आमच्या सासऱ्यांसारखं, कायम आडवं आलेलं. समोरून ट्रक. निळा. नवरदेवासारखा नटलाय आणि रस्ता वडिलोपार्जित असल्यासारखा मधून चाललाय. या या महाराज, आम्ही कडेला होतो."

गाडी कडेला झाली. लोक हसले. तीही हसली. घरी नवरा या माणसाची एवढी तारीफ का करतो ते तिला कळले.

पडक्या नगरात उस्ताद खाली उतरला नाही. "गाडी बघायला हवी," म्हणाला. ती इतरांबरोबर फिरली. छप्पर उडालेला दरबार, कोरडा हौद, हजार पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालेल्या पायऱ्या. पोपटाने नगराची सगळी हकीकत पाच-सहा वाक्यांत उरकली आणि एका पडक्या भिंतीच्या सावलीत तो घसा शेकत बसला. हातात थर्मास होता.

"ट्रकवर एवढं बोलला आणि राजावर एवढंच?" टोपीवाले बायकोला म्हणाले.

"राजा समोरून येत नाही ना," बायको म्हणाली.

धबधब्यापाशी मात्र तिने ऐकले नाही. गाडीच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही उतरल्याशिवाय मी जायची नाही. एवढी वर्षं ताटावर दाखवलात, आता जागेवर दाखवा."

तो उतरला. त्याने तिचा दंड धरला. चारचौघांत त्याने असे कधी केले नव्हते. तिला जरा अवघडल्यासारखे झाले आणि बरेही वाटले. उतरती वाट होती, खडीची. पुढे शाळेची सहल आलेली, मुलांचा नुसता गलका. कठड्याशी पोहोचल्यावर त्याने तिचा दंड सोडला, कठड्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने समोर दाखवले.

"बघ. मी सांगत होतो ना? वरून कसं एकसंध सुटतं आणि अर्ध्यावर येऊन फुटतं. दुधासारखं."

समोर काळा कडा होता. त्यावर शेवाळाचा एक हिरवट पट्टा होता आणि पट्ट्याच्या टोकाला ओल. वरच्या बंधाऱ्याचे काम निघाल्यामुळे पाणी बंद असल्याची पाटी कठड्यालाच बांधलेली होती, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर.

तिने पाटी वाचली. कड्याकडे पाहिले. मग त्याच्याकडे पाहिले. त्याचा चेहरा जेवताना घास ठेवल्यावर असायचा तसाच होता.

"आहे ना?" त्याने विचारले.

"हो," ती म्हणाली. "खूप आहे."

परत जाताना त्याचा हात तिच्या दंडावर होता तो तिला आता वेगळा लागला. ती न सांगता हळू चालली. पायरी आली की उगाच म्हणाली, "बाई गं, पायरी." चहा ओतताना तो कपात बोट बुडवायचा. वर्तमानपत्र उलटसुलट करून "काही नाही त्यात" म्हणत बाजूला टाकायचा. तिला वाटले होते, वय झाले की माणूस असा होतो.

गाडी निघाली. या वेळी तिने बाहेर पाहिले नाही. ती नवऱ्याचा उजवा पाय बघत होती.

"पुढे चढ," पोपट म्हणाला. पायाने जोर धरला. "चढ संपला, आता उजवीकडे, जरा जास्तच उजवीकडे." चाक फिरले. "आणि समोर गाई. दोन. रस्त्यात मधोमध, घरमालकिणींसारख्या."

रस्ता सरळ होता. गाई तिला केव्हाच्या दिसत होत्या. पाय ब्रेकवर गेला तो 'गाई' हा शब्द झाल्यावर.

सगळी गाडी हसली. ती नाही हसली. थोड्या वेळाने पोपटाला ठसका लागला. त्याने माइक खाली घेतला आणि थर्मासचे झाकण उघडले. तेवढ्यात गाडीचा वेग आपोआप उतरला. इतका, की मागची मोटार हॉर्न वाजवायला लागली.

"काय बिघडलं का?" टोपीवाल्यांनी विचारले.

"काही नाही, काही नाही," घोट अर्धवट गिळत पोपट म्हणाला. "सरळ रस्ता आहे. मोकळा आहे."

गाडीने पुन्हा वेग घेतला. तिने समोरची दांडी घट्ट धरली. मागच्या सीटवर एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. लेकरू तिच्या खांद्यावर लाळ गाळत झोपले होते.

खेळण्यांच्या गावात एकच गल्ली होती आणि घराघरांच्या ओसरीवर लाकडाचा भुसा. लाकूड फिरवून कातणारी यंत्रे घरघरत होती. एका ओसरीवर लाकडी पक्षी मांडले होते. असे दोन तिच्या घरी होते. गेल्या वर्षी त्याने आणलेल्या पक्ष्याचा एक पंख रंगवलेलाच नव्हता, आणि ती त्याला म्हणाली होती, तुमचं माझ्याकडे लक्षच नसतं, हाताला येईल ते उचलता.

"हे अर्धवट रंगवलेलेही विकता का?" तिने रंगवणाऱ्या बाईला विचारले.

"छे. एकदा एकांनी नेला खरा, तुमच्याच गाडीचे ड्रायव्हर. मी म्हटलं, काका, रंग राहिलाय त्याचा. तर म्हणाले, असू दे, मला असाच आवडतो."

ती उठली. पोपट गल्लीच्या टोकाला एका ओंडक्यावर बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"किती दिसतं त्यांना?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने थर्मास खाली ठेवला. "कडेकडेचं दिसतं, वहिनी. मधलं गेलंय. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार."

"मला सोडून सगळ्यांना माहीत आहे?"

"फक्त मला. त्यांनी शपथ घातली होती. आता थोडेच दिवस राहिलेत. हंगाम संपला की सन्मानाने सुटतील, हार घालून. मी आहे ना तोवर. आजपर्यंत एक ओरखडा नाही गाडीला."

"भाऊजी, तुम्हाला मघाशी ठसका लागला."

पोपटाने पायाशी ठेवलेल्या थर्मासकडे पाहिले.

"अजून घाट उतरायचाय. अंधार पडेल," ती म्हणाली.

"ऑफिसला कळलं तर त्यांची आजवरची सगळी..." त्याने वाक्य पुरे केले नाही. "मला त्यांनी हाताला धरून कामाला लावलं, वहिनी. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

ती थोडा वेळ भुशात चपलेचे टोक फिरवत उभी राहिली. मग तिथून सरळ गाडीपाशी गेली. उस्ताद काच पुसत होता. ती पायरीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला गाडी लागलीय."

फडके थांबले. "तुला?"

"मळमळतंय. डोकं गरगरतंय. घाटात माझ्याजवळ कुणीतरी बसायला हवं. तुम्हीच बसा. दुसरा ड्रायव्हर बोलवा."

"तुला गाडी लागते? कधीपासून?"

"आजपासून."

तो तिच्याकडे वळला. नीट तिच्या चेहऱ्याकडे नाही, किंचित बाजूला, तिच्या कानाकडे. लोक जमले होते. कुणी लिंबाची गोळी पुढे केली, कुणी पाणी. पोपट धावत आला आणि तिच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "मी ऑफिसला फोन लावतो. वहिनींची तब्येत बरी नाही म्हणतो. उस्ताद, चालेल ना?"

 उस्ताद बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिला, छोटी, आणखी छोटी. टोपीवाले घड्याळाकडे बघून म्हणाले, "किती वेळ जाणार आता?" त्यांच्या बायकोने त्यांना खेळण्यांच्या ओसरीकडे पिटाळले.

"लाव," उस्ताद शेवटी म्हणाला आणि त्याने खिशातून किल्ली काढून पोपटाच्या हातावर ठेवली.

तासाभराने मोटारसायकलवरून एक तरुण ड्रायव्हर आला. ती आणि नवरा मागे एका रिकाम्या सीटवर बसले. तिने त्याला खिडकी दिली. गाडी सुटली तसा पोपट सवयीने पुढे उभा राहिला, माइक तोंडाशी नेला. "आता उजवीकडे वळण. वळणावर..."

"दिसतंय मला," नवा ड्रायव्हर म्हणाला. तुसडेपणाने नाही, सहजच.

पोपटाने माइक जागेवर अडकवला. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग पहिल्या रांगेत, सकाळी ती बसली होती तिथे, जाऊन बसला. गाडीत पहिल्यांदाच शांतता झाली. घाट सुरू झाला होता. बाहेर उजेड विझत होता.

"पाणी नव्हतं ना?" नवऱ्याने हळूच विचारले.

"नव्हतं," ती म्हणाली.

"परत फिरताना वाटलं मला. पोरं निघून गेली तरी आवाज येईना." त्याने मान तिच्याकडे वळवली. "तू हो का म्हणालीस?"

"तुम्ही इतकं छान दाखवत होतात."

तो हसल्यासारखे काहीतरी झाले. गाडी एका वळणावर कलली आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. तिने खाली पाहिले. त्याचा उजवा पाय समोरच्या सीटच्या पत्र्यावर दाबून धरलेला होता, सगळी ताकद लावून.

"समोर काय आहे?" त्याने विचारले.

ती वाकून पुढे पाहू लागली. मागून फारसे दिसत नव्हते. "एक माणूस चाललाय. सायकल हातात धरून."

"कुठल्या बाजूने?"

"डाव्या. अगदी कडेने चाललाय. सांभाळून."

तिने पुन्हा खाली पाहिले तेव्हा तो पाय हळूहळू पत्र्यावरून उचलत होता.