लाल दोऱ्याच्या काड्या

कलमवाल्याने चाकूच्या टोकाने मोसंबीचा बुंधा खरवडला, त्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

“साल मेलीय. पूर्ण गोल.”

“मेली की मारली?” थोरलीने कुंपणापलीकडे पाहत विचारलं.

पलीकडे धाकट्या बहिणीची बाग. वडिलांच्या मागे बागेचे दोन भाग झाले त्याला सात वर्षं झाली, आणि तेव्हापासून थोरली डोळ्यांत तेल घालून आपली झाडं राखत होती. तरी महिन्यापूर्वी धाकटी कुंपण ओलांडून आलेली, नेमकी याच झाडाच्या बुंध्याशी बसलेली सापडली. हातात काहीतरी चकाकत होतं. थोरलीने तिला असं काही झापलं की ती तोंडातून शब्द न काढता निघून गेली. आणि आता वडिलांनी स्वतःच्या हाताने लावलेलं झाड पिवळं पडलेलं. आणखी काय पुरावा हवा?

“वाचेल का?”

“बघू. जखमेच्या खाली आणि वर, जिवंत सालीत काड्या खोचायच्या. रस त्यांच्यातून जाईल, पुलावरून गेल्यासारखा. काड्या धाकट्या बाईंनी दिल्यात, त्यांच्या झाडाच्या. मला फोनही त्यांनीच केला.”

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

“चोराच्या मनात चांदणं,” ती म्हणाली. ओल्या फडक्यातली एकेक काडी तिने उलटसुलट करून पाहिली, हुंगलीसुद्धा. प्रत्येकीच्या एका टोकाला लाल दोरा होता. “हे काय बांधलंय?”

“शेंड्याकडची बाजू. उलटी बसली तर काडी जगत नाही. जाणत्या माणसाचं काम आहे.”

तो जखम साफ करू लागला. चाकू कशावर तरी करकरला. त्याने पक्कड घातली, ओढलं, आणि सालीत रुतलेली हिरवी तार बाहेर आली.

“हिनेच गळा आवळलाय. कुणी बांधली?”

थोरलीने तार हातात घेतली. वाटणीच्या दिवशी, आपली झाडं ओळखू यावीत, धाकटीने एकही फळ तोडू नये, म्हणून तारेचं भेंडोळं घेऊन तिनेच सगळी रांग बांधली होती. पीळ देऊन, घट्ट. मग विसरून गेली. झाडं जाड होतात हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

कलमवाल्याची पक्कड उचलून ती लगबगीने पुढच्या झाडाकडे गेली. तिथे तार नव्हती. बुंध्याभोवती जुना वळ होता, भरत आलेला. त्याच्या पुढच्यालाही वळच. अख्ख्या रांगेत तार कुठेच नव्हती. राहिलं होतं ते एकच झाड, जिथून तिने धाकटीला हाकललं होतं.

ती परत आली तेव्हा कलमवाला पहिली काडी सालीत बसवत होता. तिने पक्कड त्याच्या पिशवीत ठेवली आणि कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे धाकटी पाठमोरी, पाण्याचा पाइप सरकवत होती.

“अगं ए,” थोरली म्हणाली, “काड्या धरायला ये. जाणत्या माणसाचं काम आहे.”