उजवा पंख

पक्ष्यांच्या दवाखान्यात मोडलेली पिसं जोडावीत तर थोरलीनेच, असं सगळे वर्षानुवर्षं म्हणत आले होते. मग तिची सख्खी धाकटी बहीण तिथेच नोकरीला लागली आणि थोरलीचं पित्त खवळलं. धाकटीचा हात हलका, धाकटीची जीभ गोड, शिवाय ती घुबडांचं खास शिक्षण घेऊन आलेली. डॉक्टरीणबाई उठता-बसता तिचंच कौतुक करत. लहानपणी आईनेही हेच केलं होतं.

त्यात हे गव्हाणी घुबड आलं. तारेच्या कुंपणात अडकून दोन्ही पंखांची पिसं मोडलेली. आजवर घारी आल्या, ससाणे आले, घुबड पहिलंच. डॉक्टरीणबाईंनी काम वाटून दिलं. डावा पंख धाकटीचा, उजवा थोरलीचा. कोण किती पाण्यात आहे ते आता कळेलच, थोरली मनात म्हणाली.

दुसऱ्या घुबडांची गळालेली पिसं मागवली होती. दांड्यात बारीक काडी घालून, गोंद लावून ती जोडायची. थोरलीने पिसं उलटसुलट करून पाहिली. पुढची कड झिपरी, फणीच्या दात्यांसारखी.

"ताई, ती कड आहे ना..." धाकटीने तोंड उघडलं.

"तू तुझ्या पंखाचं बघ. मला शिकवायला येऊ नकोस."

थोरली पाठ फिरवून बसली, कात्री घेतली आणि एकेक कड कापून ससाण्याच्या पिसासारखी नीटनेटकी केली. धाकटीचा पंख तिच्या पंखापुढे गबाळा दिसत होता. थोरलीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग परीक्षा. खोलीत मिट्ट काळोख, जमिनीवर सुकी पानं, पानांत उंदीर. जाळीमागे तिघी. डॉक्टरीणबाई कुजबुजल्या, "याचा एक कान वर असतो, एक खाली. चेहरा ताटलीसारखा, आवाज गोळा करणारा. पान हललं तरी उंदीर नेमका कुठे ते कळतं."

घुबड झेपावलं. उंदीर निसटला. परत झेपावलं, परत निसटला.

दिवा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता शेवटची संधी. नाहीतर याला जन्मभर पिंजरा. शिकार न जमणाऱ्याला बाहेर सोडणं म्हणजे उपाशी मारणं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझीच बाजू कच्ची राहिली असणार. ताईचं काम कधी चुकत नाही."

थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. दिवा पुन्हा मालवला. घुबड जाळीला लागून पलीकडे गेलं. डावा पंख जाळीकडे होता, काही म्हणजे काही वाजलं नाही. परत येताना उजवा पंख जाळीकडे आला आणि अंधारात स्पष्ट ऐकू आलं : फस्स, फस्स. उंदीर केव्हाच पानांखाली गडप.

थोरलीला एकदम उमगलं. ती झिपरी कड फाटकी नव्हती तर! तीच पंखाचा आवाज मारत होती. आता उंदराला घुबड ऐकू येत होतं आणि घुबडाला स्वतःचाच पंख. थोरली गप्प राहिली तर धाकटीचं नाक कापलं जाणार होतं. किती वर्षं वाट पाहिली होती तिने याची! पण परतलेलं घुबड दांडीवर बसून मान कलती करून पानांकडे कान देत होतं, उपाशीपोटी.

"दिवा लावा," ती कशीबशी म्हणाली. "उजवा पंख वाजतोय. माझा. मी कडा कापल्या."

धाकटीने डोळे पुसले आणि मागवलेल्यांतली उरलेली, न कापलेली पिसं बाहेर काढली. एकीने पंख धरला, दुसरीने गोंद लावला.

गोंद वाळल्यावर पुन्हा काळोख केला. कितीतरी वेळ नुसती शांतता. मग पानांत एकच चीत्कार.

"शाब्बास!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजवा कुणी दुरुस्त केला?"

"ताईने," धाकटी चटकन म्हणाली. "पंख वाजतोय हेही तिनेच ओळखलं. मला कुठे ऐकू आलं होतं?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मेली जीभ अजूनही तितकीच गोड! आता हिच्यावर जळायचं तरी कसं? अंधारात तिने चाचपडत धाकटीचा हात शोधला आणि जोरात चिमटा काढला. मग तो हात तिने सोडला नाही.