टिकारामचा पाचवा महिना

तलावाच्या पाळीवर मंडप पडला आणि तीन दिवसांत अख्खा गाव तिथे लोटला. मोहाडीच्या बाजाराला निघालेली माणसंही पिशव्या घेऊन तिकडेच वळू लागली. अंतर्यामी बाबा डोळे मिटून बसायचे. समोर येणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. बाबाच त्याचं नाव सांगत, दुखणं सांगत आणि वर म्हणत, "बेटा, ऊपरवाल्याच्या वहीत सगळं लिखा हुआ है. आम्ही फक्त पान उलटतो." मग ताईत. ताईत बांधला की गोळ्या बंद, ही अट.

सत्यभामा ही गावची आशाताई. पहिल्या दिवशी तीही गर्दीत होती. तिची शेजारीण कुंताबाई पुढे गेली आणि बाबा गरजले, "कुंता! तुझ्या रुचिताच्या रक्तात सिकलसेल है!"

कुंताबाईचा चेहरा उतरला. रुचिता बारावीला. आपलं दुखणं कोणाला सांगायचं ते मीच ठरवीन, असं पोरीने बजावलेलं. घराबाहेर गावात ते ठाऊक होतं एकट्या सत्यभामेला.

दुपारी ती नेहमीप्रमाणे रुचिताच्या गोळ्या घेऊन गेली, तर कुंताबाई दारातच आडवी उभी.

"बाबाले देवानं सांगतलं असंन, नाई त तूनं. देव माह्या घरी येत नाई सत्यभामा, तू येतेस."

"कुंताबाई, पोरीची शपथ, मी नाई सांगतलं. ह्या गोळ्या त घे."

"ताईत बांधला तिले. आता गोळ्याही नोको अन् तूही नोको."

दार लागलं. अकरा वर्षं ती घरोघरच्या ओसरीवर बसत आली होती, पण आता सगळीकडे तिला पाहून बायका बोलणं थांबवू लागल्या. सत्यभामेला रडू आलं आणि रागही आला. गोळ्या थांबल्या तर पोरीचं अंग ठणकायला फार दिवस लागणार नव्हते.

मग ती दोन दिवस मंडपात मागे बसून नुसती पाहत राहिली. दारावरचा सेवेकरी प्रत्येकाचा मोबाईल नंबर लिहून घेई, 'आशीर्वादाचा मेसेज येईल' म्हणे. बायजाबाईकडे फोन नव्हता, दुसऱ्या कोणाचा नंबरही तोंडपाठ नव्हता. तिला बाबांनी परत पाठवलं, "तुझा योग नाही आला." आणि एवढ्या उकाड्यात बाबांचा फेटा कान झाकून घट्ट बांधलेला.

देवाला मोबाईल नंबर कशाला लागतो?

एकदम तिला ती पांढरी गाडी आठवली. गेल्या वर्षी कुठलीशी कंपनी फुकट रक्त तपासायला आली होती. नाव, नंबर, घरातल्या सगळ्यांची जुनी दुखणी, सगळं टॅबलेटवर भरून घेतलं. शेवटी 'मान्य' लिहिलं होतं, तिथे सगळ्यांनी बोट टेकवलं. बायकांना गोळा करून तिथे नेलं होतं कोणी? तिनेच. आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी, गॅस असो की बँक, नेहमीप्रमाणे चक्कीवाल्या टिकारामचा नंबर दिला होता.

ती थेट चक्कीवर गेली.

"काकाजी, उद्या मंडपात चला. दारावर फक्त तुमचा नंबर सांगा, दुसरं काहीच नाई."

"काहून व? मले त काही दुखून नाई राहिलं."

"पहा त खरं!"

दुसऱ्या दिवशी टिकाराम बाबांपुढे उभा राहिला. पांढऱ्या झुपकेदार मिशा, त्यावर पीठ. बाबांनी मिटल्या डोळ्यांनी हात उंचावला.

"ये बेटी तुळसा! शरमाऊ नको. पाचवा महिना लागला है. रक्त कम है!"

मंडपातल्या सगळ्या नजरा टिकारामच्या मिशांवर गेल्या. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू पाळीपलीकडे गेलं. गर्दीतून खरी तुळसा कडेवरचं पोर उंच धरून ओरडली, "बाबा, तो महिना गेल्या साली होता! हे पाहा, रांगाले लागलं!"

बाबांनी डोळे उघडले. टिकारामने पोटावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने बाबांचा फेटा ओढला. कानातून बोटाच्या पेराएवढं यंत्र खाली पडलं. लोकांनी मंडपामागचा पडदा सारला, तर आड एक माणूस लॅपटॉप घेऊन बसलेला. नंबर टाकला की पहिली नोंद निघे, तीच तो बाबांच्या कानात वाचे. लॅपटॉपवर अख्ख्या तालुक्याची नावं.

पोलिस येईपर्यंत लोकांनी दोघांनाही धरून ठेवलं. लॅपटॉपवाला म्हणाला, "रक्त तपासणाऱ्या कंपनीची यादी विकत घेतली. औषधवाले घेतात, विमावाले घेतात, परदेशातही जाते. आम्ही तर छोटे गिऱ्हाईक."

हसू तिथेच थांबलं.

सत्यभामा पुढे आली. "गाडीपाशी मीच नेलं तुम्हाले. माहिती कायले पायजे, हे मीही नाई विचारलं. चूक माही आहे."

आईमागून पुढे येत रुचिताने दंडाचा ताईत तोडला आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला. "ताई, माह्या रक्ताची गोष्ट कुठं कुठं गेली असंन आता?"

सत्यभामेने तिच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. बाबा गेला, पण यादी अजून कुठेतरी फिरतेच आहे. ती परत आणणारा मंत्र कोणाकडेच नाही. पुढची यादी मात्र आपण 'मान्य'वर बोट टेकवल्याशिवाय तयार होत नाही. फुकट देणाऱ्याला आधी विचारा, माझी माहिती घेऊन तू काय करणार आहेस? उत्तर पटलं नाही तर बोट मागे घ्या.

पुढच्या सोमवारी सत्यभामा रजिस्टर घेऊन कुंताबाईच्या ओसरीवर बसली. कुंताबाईने चहा दिला आणि रजिस्टरवर हात ठेवला.

"थांब. हे लिहून घेतेस, ते कोणाकोणाले दाखवतेस?"

अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. सत्यभामेला मनापासून बरं वाटलं. तिने रजिस्टर उघडून कुंताबाईपुढे सरकवलं आणि पहिल्या पानापासून सांगायला सुरुवात केली.