वाऱ्याचं नाव

किर्गिझस्तानातल्या इसिक-कुलच्या तळ्यावर पश्चिमेच्या खिंडीतून जो वारा सुटतो त्याला उलान म्हणतात, आणि सोनूनबाईंच्या थोरल्या मुलाचं नावही उलानच. थोरल्या दिराचं नाव धाकट्या सुनेने घ्यायचं नाही, ही त्या घरची शिस्त. गावात इतर घरांत ती केव्हाच सैल झाली होती, पण सोनूनबाईंपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे धाकटी सून बेगिमाय लग्न होऊन आल्यापासून वाऱ्यालाही ‘भाऊजी’च म्हणायची. “कपडे काढा गं दोरीवरचे, भाऊजी येतायत!” अशी तिची हाक ऐकली की शेजारणींची हसून मुरकुंडी वळायची.

उलानला हे फार आवडायचं, आणि ते आवडतं हे तो लपवायचाही नाही. “आमच्या घरात वादळसुद्धा मानाने येतं,” असं तो चहाच्या बैठकीत मिशीवर हात फिरवत सांगायचा. खरं तर एका शब्दात तो तिला मोकळी करू शकला असता. ‘घे गं नाव, माझी हरकत नाही,’ एवढं थोरल्याने म्हटलं की सोनूनबाईंनाही पुढे बोलता आलं नसतं. हे त्याच्या मनात एकदोनदा येऊनही गेलं होतं. पण फुकटात मिळणारा मान कोण सोडतो?

किनाऱ्यावर त्यांचा लहानसा धंदा होता. आलेल्यागेलेल्यांना भाड्याने द्यायला एकट्याने बसून वल्हवायचे दोन अरुंद कयाक आणि वडिलांच्या मागे राहिलेली एक लाकडी होडी. धाकटा भाऊ रशियात मजुरीला गेलेला, म्हणून सगळं बेगिमायच बघायची. त्या वसंतात तिने म्हटलं होतं की होडीच्या फटी बुजवून डांबर लावून घेऊ. उलानने मान डोलावली आणि शहरात जाऊन तीन पॅडलबोर्ड घेऊन आला.

“पलीकडच्या किनाऱ्यावर आता सगळीकडे हेच,” तो म्हणाला. “पंपाने हवा भरा, पाण्यात टाका, वर उभं राहा, वल्हं मारा. पोरी फोटो काढतात. तुझ्या त्या होडीत बसून फोटो कोण काढणार?”

“फोटोला छानच आहेत, भाऊजी. पण माणूस वर उभा राहिला की त्याचंच शीड होतं. वारा घेऊन जातो त्याला.”

“मग बसावं त्याने!”

“बसून मासा धरायचा म्हणजे काठी एका हातात, वल्हं दुसऱ्या हातात. होडी जड आहे, ढकलायला दोघं लागतात, पण त्यात माणसाला दोन्ही हात मोकळे मिळतात.”

“तू वल्ह्यापुरतं बघ,” उलान म्हणाला, आणि विषय संपला. होडी किनाऱ्यालगतच्या अंगणात पालथी पडली ती पडलीच. सोनूनबाईंनी तिच्या पाठीवर जर्दाळू वाळत घातले.

त्याच जर्दाळूच्या दिवसांत ओशहून एक मास्तर आला, झमीर नावाचा. बरोबर बायको, गुलझात. ओश म्हणजे पार डोंगरापलीकडे. तिथल्या माणसाला तळं काय आणि तळ्याचा वारा काय! मास्तरला मासे धरायचे होते. काठी इतकी नवी की तिच्या मुठीवरचा प्लास्टिकचा कागदही अजून निघाला नव्हता.

“पोहता येतं का?” बेगिमायने विचारलं.

“लहानपणी कालव्यात डुंबायचो.”

“मग कयाक घ्या. खाली बसलं की वारा डोक्यावरून जातो. गळ टाकताना अवघडल्यासारखं होईल, पण किनारा धरून राहा. बोर्ड आज नको. दुपारी भाऊजी येतील.”

मास्तरने गोंधळून उलानकडे पाहिलं. हे या बाईंचे भाऊजी, अशी ओळख त्याला घटकेपूर्वीच करून दिली होती.

“अहो, भाऊजी तर आलेच आहेत!” छातीवर हात ठेवून उलान म्हणाला. किनाऱ्यावरची चार माणसं हसली.

“ते भाऊजी नाही,” बेगिमाय खाली बघून म्हणाली. “दुसरे.”

“दुसरा कुठून आणलास? आईला सांगू का?”

आता सगळेच खदखदले. मास्तरही हसला, कारण आपल्याला कळलं नाही हे कळू द्यायची त्याला लाज वाटली. बेगिमायच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उलानने बोर्ड पाण्यात सोडला. “कयाकमध्ये पाय आखडतात, मास्तर. यावर मस्त मांडी घाला, घरच्या सतरंजीवर बसल्यासारखी.” लाइफ जॅकेट गळ फेकताना खांद्याला अडतंय म्हणून मास्तर कुरकुरला, तेव्हा “काढून ठेवा, पाणी बघा किती शांत आहे,” असं म्हणून उलानने ते स्वतःच्या हाताने वाळूवर ठेवलं.

दुपारपर्यंत पाणी खरोखरच शांत होतं. मास्तर बोर्डावर बसून हळूहळू भूशिराच्या टोकापर्यंत गेला. उलान छत्रीखाली गुलझातला तळ्याच्या गोष्टी सांगत होता, आणि त्या गोष्टींत तो स्वतः बराच होता. बेगिमाय मात्र पश्चिमेकडे बघत उभी होती. तिकडे पाण्यावर एक काळी रेघ उमटली.

“भाऊजी आले!” ती ओरडली. “मास्तर, भाऊजी आले! मागे फिरा!”

मास्तरने लांबून हात हलवला. भाऊजींनी नमस्कार सांगितला असावा, असा त्याचा समज झाला. आणि छत्रीखाली बसलेल्या उलानने, देवाशपथ, उलट हात हलवला.

“भाऊजी! भाऊजी आले हो!” बेगिमायचा आवाज चिरकला. काळी रेघ जवळ येत होती. मग तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोटापासून ओरडली, “उलान! उलान! उलान आला!”

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. उलान ताडकन उठला आणि तळ्याकडे न बघता तिच्यावर धावून गेला.

“तोंड आवर! चारचौघांत माझं नाव घेतेस? एवढी चढलीस? आईच्या कानावर घातलं तर तुला...”

ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तो तिच्या आणि कयाकच्या मधोमध उभा राहून बोलतच होता. घरची अब्रू, लोकांच्या नजरा, सगळं काढलं त्याने. मागे वारा येऊन पोचला, छत्री उलटी झाली, गुलझात किंचाळली, तरी त्याला आपलं वाक्य पुरं करायचं होतं. बेगिमायने दोन्ही तळहात त्याच्या छातीवर ठेवून त्याला बाजूला ढकललं, वाळूवरचं जॅकेट उचललं, कयाक पाण्यात लोटलं आणि आत बसली.

तेव्हा कुठे उलानने वळून पाहिलं. भूशिराच्या पलीकडे बोर्ड एकटाच उड्या मारत चालला होता, आणि त्याच्यापासून लांब पाण्यात एक डोकं दिसत होतं, मधूनच दिसेनासं होत होतं.

उलान अंगणाकडे पळाला. गुलझातही धावली. दोघांनी मिळून होडी उलटली, सोनूनबाईंचे जर्दाळू धुळीत सांडले, आणि दोघांनी ती रेटत पाण्यात घातली. उन्हाने फाकलेल्या फटींतून पाणी लगेच आत यायला लागलं. गुलझात बादलीने उपसत राहिली, उलान वल्ही मारत राहिला, आणि प्रत्येक हेलकाव्याला त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येत होतं. चारचौघांत. माझं नाव. एवढी चढलीस.

बेगिमाय आधी पोचली होती. कयाकमध्ये दुसऱ्या माणसाला ओढून घेता येत नाही, दोघंही उलटतात. तिने जॅकेट मास्तरच्या गळ्यात अडकवलं होतं आणि त्याला कयाकच्या शेपटीला धरायला लावून वाऱ्याकडे तोंड करून वल्हं मारत जागच्या जागी टिकली होती. मास्तरचे ओठ निळे पडले होते. उलान आणि गुलझातने त्याला होडीत घेतलं. त्याच्या पोटातून बरंच पाणी पडलं, आणि मग तो लहान मुलासारखा रडायला लागला.

संध्याकाळी सोनूनबाईंनी पाहुण्यांना घरी जेवायला बोलावलं. दारासमोरची मानाची जागा मास्तरची होती, पण गोधडीत गुंडाळलेल्या मास्तरने उलानला ओढून शेजारी बसवलं आणि चहाचा वाडगा उंच केला. “उलानभाऊ होडी घेऊन आले नसते तर माझी बायको आज एकटीच परत गेली असती.”

गुलझातने वाडगा उचललाच नाही. ती उठली, डोक्यावरचा नवा रुमाल सोडून तिने चहा ओतणाऱ्या बेगिमायच्या डोक्याला बांधला आणि जागेवर येऊन बसली. उलानकडे तिने पाहिलंही नाही. ती दुपारी त्याच्या शेजारीच होती, तिने सगळं ऐकलं होतं. उलानला वाटलं, या बाईने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ते सगळं ठीक,” सोनूनबाई म्हणाल्या. “जीव वाचला, देवाची कृपा. पण किनाऱ्यावर थोरल्या दिराचं नाव घेतलंस, वर धक्का मारलास. गावभर झालंय. माफी माग, बेगिमाय.”

बेगिमायने किटली खाली ठेवली आणि वाकली. “चुकलं, भाऊजी.”

शरमेने उलानचं अंग असं भाजत होतं की तिथून उठून तळ्यात जाऊन बसावं.

“तिचं काय चुकलं, आई?” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “ती ओरडली तेव्हा मी पाण्याकडे बघितलंच नाही. तिच्या अंगावर गेलो. मास्तर बुडत होते आणि मी तिची वाट अडवून माझ्या मानाचं बोलत होतो. बोर्ड मी गळ्यात मारला. जॅकेट मी काढून ठेवलं.” मास्तरचा वाडगा हळूहळू खाली आला. उलान पुढे म्हणाला, “बेगिमाय, आजपासून माझं नाव घे. खुशाल घे. माझी हरकत नाही.”

आता ती गहिवरेल, असं त्याला वाटलं होतं. लाजेत बुडालेल्या माणसालाही एवढी हाव सोडवत नाही.

बेगिमायने किटली पुन्हा उचलली. “पण भाऊजी,” ती साधेपणाने म्हणाली, “मी तुमचं नाव कुठे घेतलं? मी वाऱ्याला म्हटलं. तुम्ही तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा नव्हता.”

आणि तिने त्याचा वाडगा भरला.

दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्यावर पालथ्या होडीच्या फटींत दोर ठासत बसला होता. दुपारी मागून बेगिमायची हाक आली, “उलान आला!” किनाऱ्यावरची सगळी माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली. त्याची कानशिलं तापली. पण त्याने आधी तळ्याकडे पाहिलं.