दोन आखूड, एक लांब

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यात सहा फळ्या, बावीस खिळे, एक बिजागरी आणि पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे एक गोल भोक आहे. सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्यांतून बनवले आणि कामाच्या शेडच्या पूर्वेकडच्या भिंतीवर टांगले.

"घर झालं, पण राहणार कोण?" त्याच्या बायकोने विचारले.

"येतील की! आयतं घर कुणाला नको असतं?"

राहायला आले ते स्टारलिंग. मित्रांनो, हे पक्षी मैनेच्या कुळातले. त्यांची काळी पिसे उन्हात हिरवी-जांभळी चमकतात. थंडीत अंगभर पांढरे ठिपके असतात; वसंतापर्यंत पिसांची टोके झिजतात आणि ठिपके पुसट होतात. तेव्हा चोचीच्या बुडाशी निळसर झाक दिसली तर तो नर, गुलाबी दिसली तर मादी. मिटलेली चोच ते गवताच्या मुळाशी खुपसतात आणि आत गेल्यावर उघडतात. मातीला फट पडते आणि लपलेली अळी दिसते.

शिवाय ते पक्के नकलाकार. आमचा नर करवतीची खरखर काढायचा, माझ्याच बिजागरीची कुरकुर मला ऐकवायचा. लेकीला चहाला बोलावण्यासाठी सुतार शिट्टी घालत असे: दोन आखूड, एक लांब. तीही त्याने उचलली. लेक धावत घरात जाई, तर चहाला अजून आधणही आलेले नसे.

"फसवलं गं तुला त्याने!" म्हणून सुतार पोट धरून हसे.

दर वसंतात बापलेक माझे झाकण उघडून अंडी मोजत. पुढे पिल्ले कापडी पिशवीत घालून त्यांचे वजन करत: पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी. वहीत तीन रकाने होते. अकरा वर्षांत एकही रिकामा राहिला नाही.

बाराव्या वर्षी थंडीत सुतार गेला. शेडला कुलूप लागले. मला वाटले, आता इथे सगळेच गप्प होणार. पण वसंतात माझ्या छपरावर बसून नराने शिट्टी घातली. दोन आखूड, एक लांब. आईच्या हातातले भांडे तसेच राहिले.

"ऐकलंस? तुझा बाप हाक मारतोय."

"हा पक्षी आता म्हातारा झालाय, आई," लेक म्हणाली. "त्याच्या पिल्लांनी ऐकून ऐकून उचलली, तरच ही शिट्टी राहायची."

त्या वर्षी फिकट निळी पाच अंडी होती. चारांतून पिल्ले निघाली. पाचव्या दिवशी पिल्लांचे सरासरी वजन एकतीस ग्रॅम भरले, दहाव्या दिवशी चौसष्ट. पंधराव्या दिवशी लेक नोकरीवर, प्रयोगशाळेच्या कामात अडकली. अठराव्या दिवशी आली ती थेट शिडी घेऊनच.

"अगं, राहू दे. एक रकाना रिकामा राहिला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"बाबांनी कधी ठेवला नाही, आई. मी ठेवू?"

तिने झाकण उघडले. मित्रांनो, पंधरा दिवसांची पिल्ले माणूस दिसला की दबून बसतात. अठरा दिवसांची उडी मारतात. पण पंख पेलायला अजून तीन दिवस लागतात. तीन पिल्ले गवतात पडली. लाकडांच्या ढिगावर शेजारचे मांजर बसलेलेच होते. चौथे तिने कसेबसे पकडून आत ठेवले आणि माझ्या भोकावर तळवा धरून ती तासभर शिडीवर उभी राहिली. आई खाली शिडी धरून होती.

नंतर तिने वहीचे पहिले पान उघडले. तिथे लाल पेन्सिलीने लिहिले होते: 'पंधराव्या दिवसानंतर झाकण उघडायचे नाही. काही झाले तरी.'

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी तुम्हीही जरूर टांगा. आमची अंडी मोजा, पिल्ले मोजा. पण त्याआधी दिवस मोजा.

चौथे पिल्लू एकविसाव्या दिवशी उडाले. पुढच्या वसंतात म्हातारा नर आला नाही. माझ्या छपरावर एक तरुण नर येऊन बसू लागला. तो आमच्याकडचाच की परका, हे मला सांगता येणार नाही. त्याच्या अंगावर काही खूण नव्हती. त्याची शिट्टी ऐकायला लेक एकवीस सकाळी वही घेऊन शिडीच्या खालच्या पायरीवर अर्धा-अर्धा तास बसली. शेवटच्या दिवशी तिने लिहिले:

'दोन आखूड: एकोणीस सकाळी. लांब: शून्य.'