दयेचा अर्ज

"'फेटाळून' हा शब्द नको," जैनुद्दीन म्हणाले. "निकाली काढावेत, एवढंच लिही. फेटाळायचे की नाही ते राष्ट्रपती बघतील. तो अधिकार त्यांचा आहे, आपला नाही."

गुरुदत्तने मान हलवली. शब्द राहणार नसेल तर पत्रच नको, असं त्याचं म्हणणं होतं.

उत्तम दोघांच्या मध्ये सतरंजीवर बसला होता. मांडीवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, त्यावर आखीव कागद आणि हातात शाईचं पेन. पत्र लिहायला त्यालाच बसवलं होतं, कारण ओमानमधल्या सीबच्या मराठी माणसांत त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. तो पेंटर होता. टँकरच्या आणि पिकअपच्या दारांवर कंपन्यांची नावं रंगवायचा. अरबी त्याला वाचता येत नसे, पण समोर नमुना ठेवला की उजवीकडून डावीकडे अशा सफाईने काढायचा की ओमानी ड्रायव्हर त्याच्याशी अरबीतच बोलायला लागत.

नोव्हेंबर दोन हजार सहामधला शुक्रवार होता. सीबच्या जुन्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, जैनुद्दीनचं घर होतं, आणि नमाज आणि जेवणं उरकली की हे तिघे तिथे जमत. जैनुद्दीन रत्नागिरीकडचे. मवालेहच्या मार्केटात त्यांचा कांद्या-बटाट्याचा घाऊक धंदा होता. गुरुदत्त चिपळूणचा, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. जैनुद्दीन पंजाचे, गुरुदत्त कमळाचा, आणि दर शुक्रवारी दोघांचा वाद ठरलेला. परदेशात राहणाऱ्याचं नाव मतदार यादीत राहत नसल्यामुळे दोघांनीही वर्षानुवर्षं मत दिलेलं नव्हतं. वादाला मात्र कधी खंड पडला नव्हता.

सध्याचा विषय फाशीचा होता. एका राज्यपालांनी आपल्याच पक्षाच्या कार्यकर्त्याची शिक्षा माफ केली होती, ती माफी सुप्रीम कोर्टाने गेल्या महिन्यात रद्द केली. राष्ट्रपती काय, राज्यपाल काय, दया पक्ष बघून दाखवली तर कोर्ट ती तपासू शकतं, असा निकाल होता. गुरुदत्तने त्याचं कात्रण पाकिटात जपून ठेवलं होतं. त्यातच दिल्लीत एका दयेच्या अर्जावरून रण पेटलेलं. मतांसाठी सरकार फायली दाबून ठेवतं, असं गुरुदत्त म्हणायचा. तुमचं सरकार सहा वर्षं होतं तेव्हा त्या फायली काय धावत होत्या काय, असं जैनुद्दीन विचारायचे. मग गुरुदत्तने पत्राची कल्पना काढली. सरकार कुणाचंही असो, आपण ओमानमधल्या भारतीयांनी राष्ट्रपतींना लिहायचं, की सगळे पडून असलेले अर्ज एका महिन्यात फेटाळून टाका.

"ज्यांची माणसं मेली त्यांना कुणी विचारतं का?" तो म्हणाला. "सगळी दया मारणाऱ्याला. मेलेल्याच्या घरी कोण जातं?"

उत्तमने ओमानातल्या तेरा वर्षांत कधी कुणाची बाजू घेतली नव्हती. दोघांचं ऐकायचं, चहा झाला की कप आत जैनुद्दीनच्या पत्नी बिलकीसभाभींकडे नेऊन द्यायचे, एवढंच. आताही तो खाली मान घालून लिहीत होता. 'महामहीम राष्ट्रपती महोदय यांस' झालं. 'आपल्याकडे वर्षानुवर्षे प्रलंबित असलेले दयेचे सर्व अर्ज' इथवर तो आला आणि थांबला.

"सर्व म्हणजे किती असतील?" त्याने विचारलं.

"वीस-पंचवीस," गुरुदत्त म्हणाला. "पेपरात आलंय."

उत्तमने पेनला टोपण लावलं. "त्यातला एक माझ्या आईचा आहे."

आधी दोघांना कळलंच नाही. जैनुद्दीनना वाटलं, आईने गावच्या कुणासाठी अर्ज केला असेल. मग उत्तमने सांगितलं. तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने सलग दहा मिनिटं बोललेलं त्यांनी ऐकलं.

ते तिघे भाऊ. सगळ्यात मोठा भिकाजी, मधला धनंजय आणि धाकटा उत्तम. लांज्याजवळच्या गावात थोडी काजूची बाग होती. उत्तम ओमानला आल्यावर वाटणी झाली आणि बागेच्या बांधावरून दोघा थोरल्यांचं बिनसलं. सत्याण्णवच्या मे महिन्यात एका सकाळी धनंजयने बांधावर भिकाजीला कोयत्याने मारलं. सोडवायला आलेल्या वहिनीलाही मारलं. मग कोयता घेऊन स्वतःच पोलीस पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसला. भिकाजीची मुलगी यशश्री तेव्हा आठ वर्षांची होती. आजीबरोबर विहिरीवर गेलेली, म्हणून तिने ते पाहिलं नाही. आजीने तिला दिवसभर तिकडेच थांबवून धरलं.

रत्नागिरीच्या कोर्टात फाशीची शिक्षा झाली. हायकोर्टात कायम झाली, सुप्रीम कोर्टातही. राज्यपालांकडचा अर्ज फेटाळला गेला. मग दोन हजार एकमध्ये उत्तम सुट्टीवर गावी गेला तेव्हा आई, गंगुबाई, त्याच्यासमोर येऊन बसली. "एक पोर गेला. आता दुसऱ्याला पन नेतील तं मी काय करू? तू लिव," म्हणाली. वकिलाने मसुदा दिला, उत्तमने तो आपल्या अक्षरात लिहून काढला आणि आईने खाली अंगठा दिला. त्याला पाच वर्षं झाली. धनंजय येरवड्याला होता. दिल्लीहून काही आलं नव्हतं.

"आम्हाला तर भाऊ अपघातात गेला म्हणालेलास," जैनुद्दीन म्हणाले.

"काय सांगणार होतो?"

जैनुद्दीननी हात पुढे करून तो अर्धा लिहिलेला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कुर्त्याच्या खिशात टाकला. ते पत्र संपलं, असंच तिघांना वाटलं. गुरुदत्त इतका वेळ खिडकीकडे बघत होता. त्याने सॉरी म्हटलं नाही, आपलं मत बदललं असंही म्हटलं नाही.

"ती मुलगी कुठे असते?" त्याने विचारलं.

"रत्नागिरीला. होस्टेलवर. बारावीला आहे."

"तिला विचारलंस?"

"काय?"

"तिचे आईबाप मेले. अर्ज तुझ्या आईने केला, लिहिला तू. तिला काय हवंय ते विचारलंस का कधी?"

दर महिन्याला उत्तम यशश्रीला फोन करायचा. मार्क किती पडले, मेसमधलं जेवण कसं आहे, चप्पल घेतलीस का, सगळं विचारायचा. धनंजयचं नाव दोघांपैकी कुणीच कधी काढलं नव्हतं. मुलगी विसरत चालली आहे, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. गुरुदत्तचा त्याला राग आला. जैनुद्दीनच्या घरून सूकमधून चालत खोलीवर येईपर्यंत तो राग टिकला, आणि मग कळलं की राग गुरुदत्तचा नव्हताच.

तीन दिवस त्याने फोन केला नाही. चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत वर्कशॉपच्या मागे एका पाण्याच्या टँकरच्या सावलीत उभा राहून नंबर लावला. होस्टेलच्या बाईंनी यशश्रीला बोलावलं. काय बोलायचं ते त्याने तीन दिवस घोकलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं काहीच आलं नाही. त्याने सरळ सांगितलं, की धनंजयकाकाचा अर्ज दिल्लीला पडून आहे, तो आजीने केलाय.

"मला माहितेय," यशश्री म्हणाली. "आजीने अंगठा दिला तेव्हा शाईचा पॅड मीच धरला होता."

उत्तमला ते आठवेना. घरासमोरच्या खळ्यात आई बसली होती, वकिलाचा माणूस होता, कागद होता. मुलगी कुठे होती?

"आजी म्हणाली, धर. मी धरला. नंतर तिचा अंगठाही मीच धुतला, राखेने. तुम्ही वकिलाच्या माणसाला चहा देत होतात."

"तेव्हा तू बारा वर्षांची होतीस गं."

"हो. म्हणून काही बोलले नाही. मग मला वाटलं, तुम्ही दोघांनी ठरवलंय."

त्याने विचारलं, मग आता तुला काय वाटतं. होस्टेलमध्ये कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, काका, मला आठ दिवस द्या.

आठ नाही, सतरा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत दोन शुक्रवार येऊन गेले. दोन्ही वेळा उत्तम जैनुद्दीनकडे गेला आणि दोन्ही वेळा तिघांनी कांद्याच्या भावाबद्दल बोलण्यात दुपार काढली. मग रत्नागिरीहून लिफाफा आला. आत वहीची दोन पानं होती, राष्ट्रपतींच्या नावाने. वर वेगळ्या चिठोऱ्यावर लिहिलं होतं, 'काका, हे इंग्रजीत करून घ्या आणि पाठवा. पण बदलू नका.'

पत्र लांब नव्हतं. मी अमुकची मुलगी, माझ्या आईवडिलांना माझ्या काकाने मारलं, असं पहिल्याच ओळीत होतं. पुढे होतं की माझी आजी मारणाऱ्याची आई आहे आणि मेलेल्याचीही आहे, आणि मला तिनेच वाढवलंय. त्याला फाशी दिली तर गावातले लोक तिला भेटायला येतील आणि ती पुन्हा तशीच भिंतीला टेकून बसेल. आईबाबा गेले तेव्हा ती वर्षभर तशी बसली होती. ते मला पुन्हा बघायचं नाही. म्हणून फाशी देऊ नये. त्याला सोडूही नये, कारण तो घरी आला तर मी घरी जाऊ शकणार नाही. आणि शेवटी, 'मी त्याला माफ केलेलं नाही. हे माफीसाठी लिहिलेलं पत्र नाही.' खाली पूर्ण नाव आणि सही. सही अजून शाळेतल्यासारखी, अक्षर अक्षर सुटं.

इंग्रजी करायला गुरुदत्तशिवाय कुणी नव्हतं. उत्तमने पत्र त्याच्या हातात दिलं तेव्हा त्याने ते दोनदा वाचलं.

"मला हे पटलेलं नाही," तो म्हणाला. "दोन माणसं मारली त्याने. मी असतो तर लिहिलं नसतं."

"तू नाहीयेस," जैनुद्दीन म्हणाले.

"तेच म्हणतोय. तिचं आहे म्हणून करतो."

गुरुवारी सुट्टीमुळे कंपनीचं ऑफिस रिकामं असे. तिथे बसून गुरुदत्तने ते टाइप केलं. चार वेळा केलं. शेवटच्या ओळीपाशी तो आणि जैनुद्दीन पुन्हा भांडले. राष्ट्रपती जे देतात त्याला कायद्यात माफीच म्हणतात, मग मुलगी माफी नाही म्हणते तर अर्ज बाद होईल, असं जैनुद्दीनना वाटत होतं, आणि ती ओळ गाळावी, असं ते म्हणत होते. गुरुदत्त म्हणाला, ओळ राहील. बदलू नका असं तिने लिहिलंय. उत्तमने फक्त एवढंच सांगितलं, की ती ओळ राहू दे. मूळ पानं आणि इंग्रजी प्रत एका पाकिटात घातली. पाकिटावर पत्ता उत्तमने लिहिला. रुवीला जैनुद्दीन माल पोचवायला जायचेच, त्यांनी जाता जाता तिथल्या पोस्टात ते रजिस्टर केलं आणि पावती आणून दिली.

उत्तर आलं नाही. मधल्या काळात शुक्रवारचे वाद पूर्वीसारखे सुरू झाले. अणुकरारावरून झाले, नव्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीवरून झाले. दयेच्या अर्जांवर मात्र कुणी बोललं नाही. दोन हजार आठच्या फेब्रुवारीत गंगुबाई गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत संपलं. उत्तमला विमान मिळून गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. यशश्रीने अग्नी दिला होता. गावात थोडी कुजबुज झाली, पण अडवायला कुणी पुढे आलं नाही.

आणि मग दोन हजार नऊच्या सप्टेंबरात वकिलाचा फोन आला. शिक्षा जन्मठेपेत बदलली होती. पत्र कुणी वाचलं होतं की नाही, त्याचा काही उपयोग झाला की नाही, हे वकिलाला सांगता येईना. कागदावर कारण लिहिलेलं नव्हतं. उत्तमने शुक्रवारी दोघांना सांगितलं. जैनुद्दीननी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. गुरुदत्तने विचारलं, "तिला कळवलंस?" कळवलंय, उत्तम म्हणाला.

डिसेंबरात उत्तम सुट्टीवर गेला. येरवड्याला जायचं ठरवलं तेव्हा यशश्री म्हणाली, मी पुण्यापर्यंत येते. ती आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. रत्नागिरीहून दोघे एसटीने आले. तुरुंगाच्या रस्त्यावर, फाटकापासून बरंच अलीकडे रसाच्या एका बंद गाडीशेजारी ती थांबली. मी इथेच आहे, म्हणाली.

भेट वीस मिनिटांची होती. जाळीपलीकडे धनंजय उभा होता. भाऊ काय बोलले ते फारसं सांगण्यासारखं नव्हतं. धनंजयने आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं, बागेचं विचारलं नाही. यशश्रीचं पत्र गेल्याचं उत्तमने सांगितलं तेव्हा त्याने जाळीवरचा हात काढून घेतला, आणि वेळ संपेपर्यंत तो हात त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

उत्तम बाहेर आला. यशश्री तिथेच उभी होती. तिने त्याला रुमाल दिला. दोघे चालायला लागले. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, "म्हातारा झालाय का?"

"केस पांढरे झालेत. सगळे."

"बाबांचेही झाले असते एव्हाना," ती म्हणाली, आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला तिने हात केला.