सात नंबरची लिंक

चांगदेवकाकांची माया म्हणजे एक संकटच असतं. उरणला तेल-रसायनं साठवायच्या टाक्यांच्या कंपनीत ते सुपरवायझर, आणि माझा धाकटा भाऊ मितेश त्यांच्या हाताखाली. पूर्वी त्याच जागी आमची मिठागरं होती. जमिनी गेल्या, बदल्यात नोकऱ्या मिळाल्या. मी बेलापूरच्या ऑफिसात बसून कंपनीचा विकी, म्हणजे कामाच्या सूचनांची आतली वेबसाइट, सांभाळते.

त्या विकीतल्या एका मॅक्रोचा, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा, मला भारी अभिमान. टाक्यांमधला माल सारखा बदलतो, म्हणून प्रत्येक टाकीसाठी एक व्हेरिएबल ठेवला होता. त्यातलं मालाचं नाव बदललं की ‘गळती झाल्यास’ ही लिंक आपोआप योग्य सूचनांच्या पानाकडे वळायची. काल संध्याकाळी सात नंबरच्या टाकीत एरंडेल संपून सॉल्व्हंट आलं. मी एक शब्द बदलला आणि आरामात चहा प्यायले.

सकाळी काकांनी फोटो पाठवला. सात नंबरच्या लिंकचा क्यूआर कोड, झकास लॅमिनेट केलेला. खाली लिहिलं होतं, "पोरी, परवाच सगल्या टाक्यांना चिकटवलं. आता कागद भिजायची भीती न्हाय."

कौतुक करावं म्हणून फोटो मोठा केला. कोडखाली छापलेल्या पत्त्यात ‘एरंडेल’ होतं. मॅक्रोने त्या दिवशी जी लिंक बनवली, तीच काकांनी छापून टाकली होती. मी इथे कितीही वेळा व्हेरिएबल बदलला तरी टाकीवरचा कागद बदलणार नव्हता.

एरंडेलाच्या पानावर सूचना होती: खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह बंद करा. टाकीभोवतीच्या त्याच खड्ड्यात सॉल्व्हंटची वाफ तळाला साचून राहते. चार श्वास घेतले की माणूस आडवा.

काका नि मितेश, दोघांचे मोबाइल एव्हाना गेटवर जमा. आत फक्त कंपनीचा स्कॅनर चालतो. कंट्रोल रूमचा फोन लागेना. मी विकी उघडला. एरंडेलाचं पान कोणीतरी आत्ताच उघडलं होतं, आणि आज एरंडेल एकाही टाकीत नव्हतं. म्हणजे सात नंबर गळत होती.

छापलेली लिंक माझ्या हातात नव्हती, पण ती जिथे जाते ते पान माझंच होतं. सगळं पुसून मी लिहिलं, "थांबा. खड्ड्यात उतरू नका. विषारी वाफ आहे." सेव्ह केलं. मग पान पुन्हा कोणी उघडतंय का ते बघत बसले. कोणत्या देवाला नवस बोलले तेही आता आठवत नाही. अखेर पान उघडल्याचा आकडा एकाने वाढला.

पाठोपाठ फोन वाजला. टाकीजवळच्या चौकीतून मितेश बोलत होता.

"ताय, परत स्कॅन केलं तर वेगलंच आलं. मी उतरलो न्हाय."

मला रडूच फुटलं. "शहाणा रे माझा भाऊ!"

"पन काका उतरलं. त्यांनी आधी बघितलं तवा तेलाचं व्हतं. बघितलं नि गेलं खाली."

बांध फुटला की आधी उतर, मग विचार, ही आमच्या मिठागरांची रीत. भरती बांध पोखरत असताना काठावर उभा राहणाऱ्याला गावात कोणी पुरुष म्हणत नसे. मितेशला पोहायला यायच्या आधी काकांनी हे शिकवलं होतं.

"मितेश, नीट ऐक. फायरवाले मास्क घेऊन येईपर्यंत..."

"पडलंत ते, ताय. हाक मारतोय, हलत न्हाईत."

"तू उतरू नकोस. माझी शपथ आहे तुला!"

"ताय, काका हायत ते."

रिसीव्हर टेबलावर आपटला. त्याच्या बुटांचा आवाज लांब लांब गेला, आणि मग चौकीतल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मी त्याच्या नावाने ओरडत होते. समोर स्क्रीनवर सात नंबरची लिंक अगदी बरोबर पानाकडे जात होती.